कपाटाची पाठ

त्याला सगळे पारखी म्हणत. ते आडनाव नव्हे. लोकांनी दिलेली पदवी, आणि ती त्याने नको-नको म्हणायचं नाटकसुद्धा न करता घेतली होती. धंद्याने तो सामान हलवणाऱ्या टोळीचा मुकादम. एक ट्रक, सहा माणसं, दोरखंडांची भेंडोळी आणि काचेचं सामान गुंडाळायला जुन्या चादरींचा ढीग. एका घरातलं सामान उचलायचं आणि दुसऱ्या घरात नेऊन लावायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर शहरातली कुठली वस्ती राहण्याजोगी आणि कुठली नाही हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही, असं लोक म्हणू लागले. तो स्वतः तर ते लोकांच्याही आधीपासून म्हणत होता.

खरं सांगायचं तर त्याला कळत होतं. घर बघायला जाणारा माणूस घर समोरून बघतो. भिंतीचा रंग बघतो, नळ सोडून धार बघतो, खिडकीत उभा राहून 'हवा छान आहे' म्हणतो. मुकादम घर मागून बघतो. घर सोडताना कपाट भिंतीपासून ओढलं की त्याची पाठ दिसते, आणि ती पाठ सामान हलवणाऱ्यांखेरीज कोणाच्या नजरेला पडत नाही. मालक भिंतीला दरवर्षी रंग फासेल, पण भाडेकरूच्या कपाटाच्या पाठीला कोण फासणार? पाठ कोरडी खडखडीत असली तर घर कोरडं. पाठीवर काळे ठिपके असले, प्लाय फुगून त्याचे पापुद्रे सुटले असले, ओढल्याबरोबर कुबट वास आला, की ते घर कामातून गेलं. एका गल्लीतली दहा-बारा कपाटं हलवली की पारखीच्या लेखी त्या गल्लीचा निकाल लागलेला असे.

शेजारही तो असाच जोखायचा. ट्रक दाराशी लागला की काही गल्ल्यांत लोक खाली उतरतात, कुठे चाललात म्हणून विचारतात, जिन्यातली सायकल बाजूला घेतात. काही गल्ल्यांत नुसते पडदे हलतात. जाणारं माणूस मागे काय टाकून जातं यावरही त्याची नजर असे. कुंड्या टाकून गेलं तर समजायचं की घाईने सुटतंय. दारावरची पाटी विसरलं तर समजायचं, इथे कधी जीव रमलाच नाही.

रविवारी सकाळी लोक त्याच्याकडे सल्ल्याला यायचे. तो पैसे घेत नसे. पैशापेक्षा गोड गोष्ट त्याला फुकट मिळायची, समोरच्याचा चेहरा उतरताना बघायला मिळायचा. एकदा एक बँकेतला कारकून बायकोला घेऊन आला. दोघांनी जागा पसंत केली होती, उत्साहात होते, बाईने तर पडद्यांचं कापडही घेतलं होतं. पारखीने वस्तीचं नाव ऐकलं, चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "घ्या, घ्या. सहा महिन्यांनी मलाच बोलवा, सामान परत उचलायला." एवढंच. पुढे एक शब्द नाही. ती बाई जिन्यात रडली म्हणे. ही गोष्ट तो पुढे कित्येकांना हसत हसत सांगायचा. नदीपलीकडच्या नव्या वस्तीबद्दल कोणी विचारलं तर म्हणायचा, "तिथे माणसं राहत नाहीत हो, भाडी राहतात." अशी त्याची जीभ. त्याच्या एका वाक्याने गल्लीतल्या रिकाम्या जागा वर्षवर्ष रिकाम्या राहिल्या होत्या.

आता हा पारखी स्वतः कुठे राहत होता ते ऐका.

बारा वर्षांपूर्वी बर्फाच्या कारखान्याला लागून एक तीन मजली इमारत नवी उभी राहिली. पारखी ती बघायला गेला तो ऐन उन्हाळ्यात. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत शिरल्यावर अंगावर गारवा आला. मागच्या भिंतीला हात लावला तर थंडगार. पलीकडे कारखान्याची बर्फ साठवायची खोली होती, तिची थंडी भिंतीतून झिरपत होती. पारखी खुळावला. त्याने नेहमीप्रमाणे सकाळी, दुपारी, संध्याकाळी अशा तीन फेऱ्या मारल्या, जिना बघितला, दुकानं बघितली, शेजारची माणसं बघितली. एक गोष्ट मात्र बघायची राहिली, कारण ती तिथे नव्हतीच. इमारत कोरी होती. तिच्यातून अजून एकही कपाट बाहेर निघालं नव्हतं. ज्या एका गोष्टीवर त्याने आयुष्यभर भरवसा ठेवला ती समोर नसताना त्याने निकाल दिला, आणि एकदा दिलेला निकाल बदलायची त्याला सवय नव्हती.

"पंखा लावायला नको अशी जागा सापडली," तो सगळ्यांना सांगत सुटला. पारखीने स्वतः जागा घेतली म्हटल्यावर विचारायलाच नको. वर्षभरात त्याच्या शब्दाखातर आठ बिऱ्हाडं त्या इमारतीत आली. खालच्या मजल्यावर एक शिवणवाली नवऱ्यासह आली. घरातच मशीन टाकून ती कपडे शिवायची. तिला पुढे तिथेच मुलगी झाली.

दुसऱ्या वर्षी थंडी संपता संपता पारखीने खोलीला रंग काढायचं ठरवलं. टोळीतला सगळ्यात जुना गडी, ज्याला सगळे बुटका म्हणत, त्याला आणि आणखी दोघांना घरी बोलावलं. बायको बाजारात गेली होती. कपाट चांगलं जड होतं, शिसवी, आरशाचं, बायकोच्या माहेरून आलेलं. चौघांनी मिळून ते भिंतीपासून हातभर ओढलं. मागे ताटाएवढा काळा डाग होता. कपाटाच्या पाठीवरही तेवढाच. आणि वास, तोच वास, जो घेऊन त्याने शंभर घरं नापास केली होती.

बुटक्याने मुकादमाकडे बघितलं. पारखीने डागाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांपुढे आठ दारं आली, आठ पाट्या आल्या. आपण जागा सोडली की ट्रक दाराशी लागणार, आठही बिऱ्हाडं खाली उतरणार आणि विचारणार, 'का हो पारखी, काय झालं?' शहरभर होणार. रविवारी कोणी येणार नाही.

"लाव परत," तो म्हणाला.

"पण मुकादम, ही ओल..."

"लाव म्हटलं ना."

कपाट परत भिंतीला लागलं. बायको बाजारातून आली तेव्हा रंगाचा डबा तसाच दारात होता. "काय झालं हो? काढायचा होता ना रंग?" तिने विचारलं. "भिंत चांगली आहे की. उगाच कशाला," तो म्हणाला. तिला ते पटलं. भिंतीतलं त्याला कळतं, आपल्याला काय कळतं, असंच ती लग्नापासून धरून चालली होती. तिची खाट त्या कपाटाला लागूनच होती. खिडकीकडे त्याची, कारण त्याला हवेशिवाय झोप लागत नसे.

तिला खोकला लागला तो तिसऱ्या वर्षी. आधी नुसता पहाटेचा. मग जिना चढताना. मग बोलता बोलता मध्येच. मूलबाळ नव्हतं, खालच्या शिवणवालीची पोर दिवसभर हिच्याकडे असायची, बटणांच्या डब्याशी खेळायची, काकूच्या मांडीवर झोपायची. काही वर्षांनी ती पोरही खोकू लागली. दोघी मिळून खोकायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. हे बघितलं की पारखी काहीतरी काम काढून बाहेर जाई.

तो अगदी दगड होता असं कोणी समजू नये. औषधं तो वेळेवर आणायचा. पाणी तापवून द्यायचा, तिची पाठ चोळायचा, जिन्यात तिच्या हातातली पिशवी घ्यायचा. एक सोडून सगळं करायचा. आणि त्या एकाशिवाय बाकी सगळ्याचा काडीचा उपयोग नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दहाव्या वर्षी डॉक्टरांनी तिची छाती तपासली, फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "घरात ओल आहे का?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. या बाबतीत उत्तर द्यायचा मान त्याचा होता.

"ओल?" पारखी हसला. "डॉक्टरसाहेब, मी कोण ते विचारा जरा बाहेर तुमच्या कंपाउंडरला."

"तुम्ही कोणी का असेना," डॉक्टर म्हणाले, "यांना कोरड्या, उन्हाच्या जागेत हलवा. लवकर हलवा. उशीर केलात तर मग मला विचारू नका."

मग सुरू झाल्या रविवारच्या फेऱ्या. सल्ल्याला येणाऱ्यांना पारखी दुपारची वेळ देऊ लागला आणि सकाळी बायकोला घेऊन जागा बघायला निघू लागला. ती आदल्या दिवशीच साडी काढून ठेवायची. पहिली जागा टेकडीवर होती, दिवसभर ऊन. तो म्हणाला, "पाणी चढायचं नाही इतक्या वर." दुसरी शाळेजवळ. "पोरं डोकं उठवतील." तिसरी, चौथी, पाचवी. कुठे जिना अरुंद, कुठे दुकानदार उद्धट, कुठे कुत्री फार. जागा नापास करण्यात त्याचा हात कोण धरणार? एकतीस वर्षांची विद्या त्याने बायकोच्या छातीवर चालवली. हे असंच म्हणायला पाहिजे, दुसरे शब्द नाहीत.

सहावी जागा लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीत होती. बैठी घरं, पुढे पायऱ्या, पायऱ्यांवर ऊन. घरमालकीण एक म्हातारी, एकटीच राहायची, अर्धं घर भाड्याने द्यायचं होतं तिला. तिने पारखीच्या बायकोला पायरीवर बसवलं, पाणी दिलं, स्वतः शेजारी बसली. दोघींचं सूत जुळलं. अर्धा तास दोघी बोलत होत्या आणि त्या अर्ध्या तासात ती एकदाही खोकली नाही. पारखीने ते मोजलं होतं. तिने मात्र वेगळंच मोजलं होतं. खाट इथे, कपाट तिथे, शेगडी या कोपऱ्यात, असं ती हाताने दाखवत होती.

"घ्या हो," म्हातारी म्हणाली, "मलाही सोबत होईल."

या गल्लीतली तीन कपाटं पारखीने स्वतः हलवली होती. तिन्हींच्या पाठी भाजलेल्या पावासारख्या कोरड्या होत्या. शहरात याहून चांगली गल्ली त्याच्या माहितीत नव्हती. तो पायरीवरून उठला, पँट झटकली आणि रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "माणसं फार चौकस आहेत इथली. नाही जमायचं आपलं."

बसमध्ये ती म्हणाली, "तुम्हाला एकही वस्ती आवडत नाही का हो?"

"आपली आवडते," तो म्हणाला.

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यानंतरच्या शनिवारी तिने साडी काढून ठेवली नाही, आणि तो विषय त्यानेही काढला नाही. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

दोन वर्षं गेली. आता तिला आडवं झोपता येईना, श्वास कोंडायचा. डोक्याकडून वर उचलता येईल अशी दवाखान्याची खाट घरी आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पारखी गावाबाहेरच्या एका कामावर गेला होता. दुपारी खाट घेऊन माणसं दारात उभी राहिली तर खोलीत ती मावेना. कपाट सरकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बायकोने बुटक्याला फोन करून बोलावलं. बुटका आता म्हातारा झाला होता, जड कामं सोडली होती, पण वहिनींनी बोलावलं म्हणून धावत आला. खाट आणणारे दोघे, बुटका आणि त्याने सोबत आणलेला एक जण, अशा चौघांनी कपाटाला हात घातला.

पारखी दारातून आत शिरला तो नेमका त्याच वेळी.

कपाट पुढे आलं, पण पाठ मागेच राहिली. पाठीची फळी म्हणावी, भुसा म्हणावा, की चिखल म्हणावा, असं काहीतरी भिंतीला चिकटून होतं आणि त्याचे लगदे खाली पडत होते. भिंत जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत काळी होती. खाट आणणाऱ्यांपैकी एकाने नाकाला रुमाल लावला. बायको खुर्चीत बसून बघत होती.

"बाप रे," बुटका म्हणाला. म्हातारा साधा माणूस, त्याच्या मनात पाप नाही. "वाढलं की हो हे मुकादम. तेव्हा तर ताटाएवढंच होतं."

बायको खुर्चीत पुढे सरकली.

"तेव्हा म्हणजे कधी?" बायकोने विचारलं.

बुटक्याला आता कळलं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? तो मुकादमाकडे बघू लागला. मुकादम भिंतीकडे बघत होता.

"मी तुम्हाला विचारते आहे भावजी. कधी?"

"झाली असतील... दहा वर्षं. रंग काढायचा होता ना वहिनी, तुम्ही बाजारात गेला होता..." एवढं बोलून बुटका जिना उतरून गेला. बाकीचे तिघे कपाट तसंच मध्ये सोडून त्याच्यामागे गेले.

पारखी म्हणाला, "अगं, किरकोळ होतं तेव्हा."

ती हसली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता ती निळी पडली, त्याने पाणी पुढे केलं तर तिने हाताने दूर सारलं. बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला तेव्हा ती म्हणाली, "मला वाटायचं, माझंच नशीब फुटकं. एवढा जाणता नवरा, त्यालासुद्धा माझ्याजोगी जागा सापडत नाही. मला तुमची दया यायची हो."

"आपण उद्याच जाऊ," तो म्हणाला. "वखारीमागची ती जागा, मी आत्ता जाऊन बोलतो त्या बाईंशी..."

"आता नको."

"अगं, पण..."

"आता मला एकदाच हलवा. दोनदा हलवायचा त्रास कशाला?"

तो जमिनीवर बसला. ती बोलत राहिली, थांबत थांबत, दर तीन-चार शब्दांना श्वास घेत. "माझं झालं. पण खालची पोर सात वर्षांची आहे. तिच्या आईला सांगा. मग बाकीच्यांना सांगा. सगळ्या दारांवर जाऊन सांगा, की जागा वाईट आहे, मला माहीत होतं, तुम्ही जा इथून. एवढं कबूल करा मला."

"सांगतो," तो म्हणाला.

"असं नाही. माझा हात धरून."

त्याने तिचा हात धरला आणि सांगतो म्हणाला. त्या क्षणी ते खरं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टोळीतले चार गडी आणले, कपाटाला नवी प्लायची पाठ ठोकून घेतली आणि ते पुन्हा त्याच भिंतीला लावलं. खाट पुढच्या खोलीत टाकली. तिला बघायला माणसं येणार, त्यांना हे कशाला दिसायला पाहिजे, असं तो म्हणाला. ती खाटेवरून बघत होती.

तिने ओळखलं की हा सांगणार नाही. मग तिने स्वतःच सांगायचं ठरवलं. शिवणवाली दुपारी पेज घेऊन वर आली तेव्हा तिचा पदर धरून ती म्हणाली, "अगं, जागा बदल बाई. पोरीला घेऊन जा इथून."

"हो काकू, बदलू हां," शिवणवाली म्हणाली. आजारी माणसाशी बोलतात तशी. "काका म्हणतील तेव्हा बदलू."

"माझ्या कपाटामागे बघ. आत जा. बघ."

शिवणवाली आत गेली. चार गड्यांशिवाय न हलणारं ते कपाट तिने समोरून बघितलं, आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला, शिसवी लाकडावरून तिने हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी घेऊन बाहेर आली. "मला कशाला देताय काकू एवढं भारी कपाट? असू दे ते. तुम्ही बऱ्या व्हा आधी."

काकूला आणखी समजावून सांगायला दम पुरेना, तिने डोळे मिटून घेतले. पारखी दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता. तिथल्या तिथे एक वाक्य बोलायचा अवकाश होता. तो शिवणवालीला म्हणाला, "भांडं मी घासून खाली आणून देतो."

नऊ दिवसांनी ती गेली. सकाळी, उजेडात, उशीला टेकून बसल्या बसल्या. शेवटच्या नऊ दिवसांत ती त्याच्याशी बोलली नाही. भांडली नाही, रडली नाही, औषध दिलं तर घेतलं, पाणी दिलं तर प्यायली. एखाद्या परक्या माणसाने चार दिवस सोय केली तर आपण जेवढं बोलतो तेवढंही बोलली नाही. त्याने दोनदा तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने हात ओढून घेतला नाही. त्याच्या हातात तसाच पडू दिला.

तिला पोचवून आल्यावर संध्याकाळी आठही बिऱ्हाडं वर जमली. पुढच्या खोलीत माणसं मावेनात, काही जिन्यात बसली. रिकामी खाट भिंतीला उभी केली होती. कोणीतरी चहा करून आणला. पारखी मधोमध खुर्चीवर बसला होता आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. आज सांगायचं, त्याने ठरवलं होतं. सगळे एका जागी आहेत, दारोदार फिरायला नको. 'मंडळी, मला तुम्हाला एक सांगायचंय.' एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल. दोनदा त्याने घसा खाकरला. दोन्ही वेळा लोकांना वाटलं, हुंदका दाबतोय. दोघा-तिघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्या वेळी त्याने तोंड उघडलं तेवढ्यात शिवणवाली समोर येऊन बसली. पोर तिच्या कडेला बिलगून होती, छातीतून तिची बारीक घरघर ऐकू येत होती.

"काका, आज विचारू नये," ती म्हणाली, "पण कधी विचारणार? काकू शेवटी मला म्हणायच्या, जागा बदल, पोरीला घेऊन जा. हिचा खोकला तुम्ही ऐकताच. वरच्या आजोबांनाही तसाच आहे. माझा नवरा म्हणतो, जागेतच काही दोष असेल. मी त्याला म्हटलं, वेडा आहेस का? दोष असता तर काका राहिले असते का इथे? काकू इतक्या आजारी, आणि काकांना कळलं असतं तर काकूंना घेऊन त्याच दिवशी गेले नसते? तुम्ही हलला नाहीत काका, म्हणून आम्हीही हललो नाही. पण तुमच्या तोंडून एकदा ऐकलं की माझं मन निवांत होईल. काही आहे का हो जागेत?"

जिन्यातली माणसंही ऐकत होती. पारखीने त्या बाईकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, मग आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे. रविवारी सकाळी समोर बसणाऱ्यांचे चेहरे असत, अगदी तसे ते होते. जुळवलेलं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. पण आता ते वाक्य पूर्वीचं राहिलं नव्हतं. जागा वाईट आहे एवढं म्हणून भागणार नव्हतं. त्याच्या पाठोपाठ, मला ठाऊक होतं आणि तरी मी तिला इथे ठेवली, हे म्हणावं लागणार होतं. तेही या सगळ्यांसमोर, तिला पोचवून आल्यावर तासाभरात.

"जागेत?" पारखी म्हणाला. "छे. जागेत काय असणार?"

"पण काकू म्हणायच्या..."

"शेवटी शेवटी ती भ्रमात होती गं. काहीही बोलायची." त्याने हात पुढे करून पोरीच्या डोक्यावरून फिरवला. "हवा बदलतेय ना, म्हणून खोकते ही. उन्हाळा येऊ दे, बरी होईल. आणि उन्हाळ्यात अशी गार जागा शहरात दुसरी शोधून सापडायची नाही."

शिवणवालीचा जीव भांड्यात पडला. "तेच म्हणत होते मी याला," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि तिला झोपवायला खाली आपल्या घरी घेऊन गेली.